इनास सरांचे साहेब

इनास सर 'आमचे साहेब' म्हणायचे तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, मुंबईतल्या कुठल्या तरी जुन्या कंपनीच्या मॅनेजरबद्दल बोलतायत. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. 'आमचे साहेब आले की अख्खा हॉल उभा राहायचा.' 'आमच्या साहेबांना उशीर खपत नसे.' मी मनातल्या मनात सफारी सूट घातलेला एक खडूस म्हातारा उभा केला होता. मग एक दिवस स्टाफरूममध्ये टेबलावर पेपर पडला होता. पहिल्या पानावर आखातातल्या एका हुकूमशहाचा फोटो होता, लष्करी पोशाखातला. पाटील सर त्यावर चहाचा कप ठेवणार, तेवढ्यात इनास सरांनी पेपर हळूच ओढून घेतला.

"साहेबांवर कप नको," ते म्हणाले.

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. पेपरची नीट घडी घालून त्यांनी तो कपाटावर ठेवला, फोटो वर येईल असा.

वसईतल्या पापडीजवळच्या आमच्या शाळेत ते बँड शिकवायचे आणि मी इतिहास. मी साताऱ्याकडची. लग्नानंतर माणिकपूरला फ्लॅट घेतला तेव्हा वसईत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. नोकरी लागली त्या पहिल्या आठवड्यात डबा विसरले, तर या माणसाने न विचारता आपली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली होती. त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट मत करून घ्यायला मला फार जड गेलं. प्रयत्न मात्र मी पुष्कळ केला.

दिसायला किरकोळ. पांढरा शर्ट, काळा टाय, बूट इतके चकचकीत की पावसाळ्यातही लोक त्यांच्या पायांकडे बघायचे. वरच्या ओठावर ट्रम्पेटने पाडलेला एक गोल वण होता. विचारात पडले की त्या वणावरून बोट फिरवायचे. खिशात पेपरमिंट. वाजवायच्या दिवशी तिखट खायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मुलांना सांगायचे, "पोटातून वाजवा. गालातून वाजवायचं असेल तर घरी जाऊन फुगे फुगवा." आणि एक वाक्य तर रोज असायचं : "घाबरलेला माणूस सुरात वाजवू शकत नाही. म्हणून माझ्या वर्गात कुणी घाबरायचं नाही."

आणि खरंच कुणी घाबरत नसे. त्या काळी छडी सर्रास चालायची. एकदा आमच्या पी.टी.च्या सरांनी उशिरा आलेल्या पोरांना रांगेत उभं करून हातावर मारायला सुरुवात केली. इनास सर बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीतून बाहेर आले, मैदान ओलांडून गेले, त्यांच्या हातातली छडी काढून घेतली आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. पहिल्या झटक्यात मोडेना, वेत ओला होता. दोनतीनदा झटका दिला तेव्हा मोडली. दोन्ही तुकडे पी.टी.च्या सरांच्या हातात परत दिले.

"हात माझ्या पोरांचे आहेत," म्हणाले. "उद्या यांना वाजवायचंय."

मोठी तक्रार झाली. मुख्याध्यापिका सिस्टरनी दोघांनाही बोलावलं. इनास सरांनी माफी मागितली नाही. त्या दुपारी मी त्यांना विचारलंच.

"सर, तुम्हाला पोराच्या हातावरची छडी बघवत नाही. आणि तुमच्या साहेबांनी माणसं गायब केली, गावंच्या गावं मारली. ते कसं चालतं?"

"ते वेगळं," ते म्हणाले, आणि पेपरमिंटचा कागद सोडायला लागले.

"वेगळं कसं?"

"टीचर, तुम्ही पुस्तकात वाचलंय. मी तिथे राहिलोय."

हे वाक्य म्हणजे त्यांची भिंत होती. आमचे सगळे वाद तिथे येऊन आपटायचे.

ते तिथे कसे गेले, हे हळूहळू कळत गेलं. वसईजवळच्या गिरीज गावात त्यांची केळीची वाडी. वडील वाडी करायचे आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. इनासही लहानपणापासून बँडमध्ये. "आमचं वाजवणं म्हणजे काय?" ते सांगायचे. "नवरा-नवरीच्या पुढे चालायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, मागच्या दारी. मटण संपलेलं असायचं, रस्सा मिळायचा. बाप म्हणायचा, बाजेवाल्याने मान वर करू नये." पुढे मुंबईतल्या हॉटेलांत वाजवता वाजवता एका एजंटाने त्यांना आखातात नेलं. तिथल्या राजधानीतल्या मोठ्या सरकारी हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात. लग्न झाल्यावर बायकोला, मार्शेलिनलाही घेऊन गेले. तिथे त्यांना राहायला घर मिळालं, दवाखाना फुकट मिळाला. "आणि लोक मला उस्ताद म्हणायचे, टीचर. दुकानदारसुद्धा. उस्ताद, बसा. उस्ताद, चहा घ्या. मी पहिल्यांदा टेबलावर पाहुण्यांच्या बरोबर जेवलो ते तिथे."

मग युद्ध आलं. वाळवंटातून, मिळेल त्या वाहनाने, शेवटी आपल्या सरकारच्या विमानाने नवरा-बायको परत आले. घर गेलं, साठवलेलं सगळं गेलं. बरोबर आली फक्त ट्रम्पेटची पेटी, आणि त्या पेटीत अस्तराखाली ठेवलेला एक फोटो.

तो फोटो गिरीजच्या घरात दर्शनी भिंतीवर होता, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या अगदी शेजारी. साहेब उभे, आणि त्यांचा हात तरुण इनासच्या खांद्यावर. इनासच्या हातात ट्रम्पेट. साहेब हसतायत. इनास मात्र हसत नव्हता, हे मला पहिल्याच भेटीत जाणवलं होतं. आनंदाने माणूस गांगरतो तसा असेल, असं मी धरून चालले.

घराला आशीर्वाद द्यायला फादर आले, तेव्हा म्हणाले होते म्हणे, "इनास, हा माणूस देवाशेजारी शोभतो का?" इनास सर म्हणाले, "फादर, देवाने माझं वाजवणं ऐकलं असेल. पण खांद्यावर हात याने ठेवला." फादरनी गुपचूप पवित्र पाणी शिंपडलं आणि गेले. ही गोष्ट सर स्वतःच आम्हाला मोठ्या ऐटीत सांगत. मार्शेलिन आंटी त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जात. बाहेर येत ते सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, बशी घेऊन, आणि आमच्यापुढे ती जरा आपटूनच ठेवत.

त्या काळात वसईत दिवसातून कितीदा लाइट जायची याला सुमार नव्हता. नव्या इमारतींना पाणी टँकरने. जमिनींचे भाव चढत होते तशी गुंडगिरीही. स्टाफरूममधला पंखा थांबला की इनास सर सुरू होत. "आमच्याकडे लाइट जात नसे. बायका रात्री एकट्या फिरायच्या. चोरी नाही. शाळा फुकट, मुलींनाही." यावर पाटील सर मान डोलवत. ते गणित शिकवायचे. "बरोबर आहे," म्हणायचे. "आपल्या देशाला असाच एक पाहिजे. चार जणांना चौकात उलटं टांगलं की सगळे सरळ."

गंमत अशी, की हे ऐकलं की इनास सर भडकायचे.

"तुम्हाला नको," एकदा ते ताडकन म्हणाले. "तुम्हाला जमणार नाही."

"का हो? तुम्हाला जमलं ते आम्हाला का नाही?"

"तुम्हाला सवय नाही."

"कशाची सवय?" मी विचारलं.

ते वणावरून बोट फिरवत बसले. मग तासाची घंटा झाली.

साहेबांची सत्ता कोसळली तो दिवस मला चांगला आठवतो. माणिकपूरला टीव्हीच्या एका दुकानाबाहेर गर्दी जमली होती. काचेमागच्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र : चौकातला उंच पुतळा दोरखंडाने ओढून पाडतायत आणि लोक पडलेल्या पुतळ्याला चपलांनी मारतायत. गर्दी हसत होती, रिक्षावाले शिट्ट्या मारत होते. मी भाजी घेऊन येत होते. पुढच्या रांगेत पांढरा शर्ट, काळा टाय दिसला.

कुणीतरी त्यांना ओळखलं. "काय मास्तर, तुमच्या साहेबांची वाट लागली!"

इनास सर वळले. इतका किरकोळ माणूस, पण आवाज असा काढला की शिट्ट्या थांबल्या.

"पडलेल्याला चप्पल मारायला काय लागतं? हेच लोक काल हार घालत होते. मी बघितलंय. उभा होता तेव्हा मारायची होती!"

मी शेजारीच जाऊन उभी राहिले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही मारली होती का, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने आपल्या घरातली बंद खोली उघडली तर आपण बघू, तसं. मग गर्दीतून वाट काढून ते गिरीजच्या बसकडे निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. साहेबांचं नाव मात्र त्यांनी सोडलं नाही. उलट जास्तच घ्यायला लागले. जसजसं जग थुंकत होतं, तसतसे हे छाती काढत होते.

यानंतरच्या हिवाळ्यात शाळेत ते प्रकरण झालं.

शाळेला नवं सभागृह बांधायचं होतं आणि छताचा खर्च एका बिल्डरने उचलला होता. हा बिल्डर खाडीकडच्या जमिनी घेत सुटला होता. देणार नाही म्हणणाऱ्या एका शेतकऱ्याला त्याच्या माणसांनी बांधावर गाठून मारलं होतं, पाय मोडला होता. सगळ्या वसईला हे माहीत होतं आणि पोलिसांकडे कुणाचंच नाव नव्हतं. त्या शेतकऱ्याची मुलगी सुप्रिया आमच्याकडे नववीत होती. बँडमध्ये ती साइड ड्रम वाजवायची. पहिल्या रांगेत, मधोमध. सर म्हणायचे, बँड माझ्या काठीवर चालत नाही, हिच्या काठ्यांवर चालतो.

उद्घाटनाच्या सकाळी सिस्टरनी इनास सरांना ऑफिसात बोलावलं. कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं, म्हणून मीही तिथेच होते. सिस्टर वाईट बाई नव्हत्या. छत गळायचं तेव्हा बादल्या स्वतः ठेवत फिरणाऱ्या.

"सर, आजच्या दिवस सुप्रियाला मागे वर्गात बसवा," त्या म्हणाल्या. "ढोलावर दुसरं कुणीही बसेल."

इनास सरांनी खुर्चीची पाठ धरली.

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही. पण आपण समजून घ्यायला नको का? पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल. तिलाही होईल."

"कुणी सांगत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "कधीच कुणी सांगत नाही."

एवढं बोलून ते बाहेर गेले. मी मागोमाग गेले. मैदानात बँड उभा होता, पांढरे मोजे, लाल पट्टे. सुप्रिया तिच्या जागी. सरांनी तिला काही सांगितलं नाही. टाय सारखा केला आणि बँडसमोर उभे राहिले. फाटकातून गाड्या आत आल्या. बिल्डर उतरला, मागून सात-आठ माणसं. सिस्टरनी लांबूनच पाहिलं की सुप्रिया तिथेच आहे, आणि त्यांचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. सगळे थांबले. सरांनी हात वर केला की बँड सुरू होणार होता.

हात वर गेलाच नाही. तो त्यांनी पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"वाद्यं खाली," ते मुलांना म्हणाले.

मुलांना कळेना. मग सुप्रियाने काठ्या पट्ट्यात खोचल्या आणि एकेक करून सगळ्यांनी वाद्यं खाली केली. इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या एसटीचे गिअर बदललेले ऐकू आले.

बिल्डर हसत पुढे आला. "काय मास्तर, बँड बिघडला काय?"

"बँड ठीक आहे," इनास सर म्हणाले. "वाजवणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासाठी वाजवणार नाही. छत दिलंत, मेहेरबानी. छताखाली बसा. या पोरीच्या बापाचा पाय मोडलाय, आणि ती तुमच्यासाठी ढोल बडवणार नाही. आणि तिच्या जागी दुसरंही कुणी बडवणार नाही."

त्यांचे पाय, चकचकीत बुटांतले, चांगलेच कापत होते. पण जागचे हलले नाहीत. बिल्डरच्या माणसांपैकी एकजण पुढे सरकला, तेव्हा आमचे तेच पी.टी.चे सर, ज्यांची छडी मोडली होती, येऊन इनास सरांच्या शेजारी उभे राहिले. नुसते उभे राहिले. बिल्डरने इकडेतिकडे पाहिलं, पालक बघत होते. तो सिस्टरना म्हणाला, "चला, फीत कापू," आणि पुढे गेला.

इनास सरांची नेमणूक वर्षावर्षाची होती; पुढच्या वर्षी शाळेने त्यांना बोलावलं नाही. कारण कुणी दिलं नाही. स्टाफरूममध्ये पाटील सर म्हणाले, "उगाच नडले. काय मिळालं?"

सुप्रियाचे वडील कुबडी घेऊन गिरीजला गेले होते, त्यांना भेटायला. मी तेव्हा तिथेच होते. ओटीवर बसून ते म्हणाले, "सर, आमच्यापायी तुमची नोकरी गेली. आमी काय, शेतात पानी भरलं तरी जगतो. तुमचं कसं?"

"माझं काय?" सर म्हणाले. "लग्नं होतायत ना वसईत? वाजवीन."

ते गेल्यावर मी बसून राहिले. मला राहवेना. ज्या माणसाने उभ्या जगाविरुद्ध एका हुकूमशहाची बाजू धरली, त्याने एका बिल्डरसमोर अशी मान ताठ केली, याचा मेळ मला लागत नव्हता.

"सर, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, कुणी सांगत नाही. म्हणजे काय?"

त्यांचं बोट वणावर गेलं. स्वयंपाकघराच्या दारात मार्शेलिन आंटी उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत समोर बसल्या.

"तू सांगतोस का मी सांगू?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"राहू दे."

"नाही. आता नाही राहू देत." त्या माझ्याकडे वळल्या. "बाय, तिकडे याच्या ऑर्केस्ट्रात एक ड्रमर होता, करीम म्हणून. त्याच गावचा. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्याची बायको महिनाभर जेवण घेऊन यायची. याला भाषा शिकवली ती त्यानेच. एकदा तालमीला लाइट गेली. तिकडे कधी जात नसे, ती गेली. अंधारात करीम बोलला, साहेबांना डुलकी लागली वाटतं. सगळे हसले. हाही हसला. एवढंच झालं."

"पुढे?"

"दुसऱ्या दिवशी करीम आला नाही," इनास सर म्हणाले. आता तेच बोलायला लागले, जमिनीकडे बघत. "मॅनेजर आला आणि म्हणाला, आज ढोलावर दुसरा बसेल. बस. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यात कार्यक्रम होता. आम्ही गेलो. आणि मी वाजवलं, टीचर. तसं मी आयुष्यात कधी वाजवलं नाही. मी मुलांना खोटं सांगतो, की घाबरलेला माणूस सुरात वाजवू शकत नाही. मी त्या संध्याकाळी इतका घाबरलो होतो की एकही सूर हलला नाही. कार्यक्रम संपल्यावर साहेब थेट माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवला. फोटो काढला."

भिंतीकडे कुणीच पाहिलं नाही.

"हात जड असेल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "नव्हता. बापाचा असावा तसा होता. माझ्या बापाने कधी ठेवला नव्हता. मला रडू आलं. करीमसाठी नाही, टीचर. आनंदाने."

"त्याची बायको आली होती दुसऱ्या दिवशी," मार्शेलिन आंटी म्हणाल्या. "दार वाजवत होती. याने मला उघडू दिलं नाही."

बाहेर केळीच्या पानांवर वारा होता. मी विचारलं, "मग एवढी वर्षं तुम्ही साहेबांना चांगलं का म्हणालात?"

"तो वाईट म्हटला, तर मग मी कोण? तो चांगला होता, कडक होता, देशासाठी करत होता, तोवर माझं ठीक आहे. करीमचंच काही चुकलं असेल, असं म्हणता येतं. लाइट होती, पाणी होतं, हे सगळं खरं आहे. मी खोटं एकही बोललो नाही. खऱ्याची भिंत बांधली आणि तिच्यामागे बसलो."

"आणि मला पण बसवलंस," आंटी म्हणाल्या.

"फोटो काढून टाका ना मग," मी म्हणाले.

"फोटोत मी पण आहे. साहेबांना काढीन, मी कुठे जाऊ?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू? अजूनही कुणी साहेबांना शिवी दिली की मला लागतं. हे तुम्हाला कळणार नाही. मलाही कळत नाही."

मी इतिहास शिकवताना पुढे अनेकदा हुकूमशहांचा धडा शिकवला. मुलं विचारायची, बाई, अशा माणसाला लोकांनी डोक्यावर का घेतलं? पुस्तकात कारणं दिलेली होती, बेकारी, अपमान, प्रचार. ती मी फळ्यावर लिहायची. आणि मनात यायचं, एक कारण गिरीजला राहतं.

दोनतीन वर्षांनी नाताळच्या दिवसांत बातमी आली की तिकडे साहेबांना फाशी दिली. वसईत पुन्हा चर्चा : आता इनास काय करणार? काळी पट्टी लावणार, साहेबांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवणार, असं कुणीकुणी पैजेवर सांगत होतं. फादरनाही धास्ती पडली होती म्हणे. शनिवारी मार्शेलिन आंटींचा फोन आला. "उद्या सकाळी देवळात येशील, बाय? आमची मिस्सा आहे." वसईतले जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाऊ नये असंही क्षणभर वाटलं.

गेले. देऊळ भरलेलं होतं. येशूजन्माच्या गोठ्याची सजावट अजून तशीच होती. इनास सर पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, काळा टाय. केस आता सगळे पांढरे. लोक त्यांच्या पाठीकडे बघून कुजबुजत होते. फादर पुढे आले, आजची मिस्सा कोणाच्या उद्देशाने आहे ते सांगायला. ते जरा अडखळले, चष्मा सारखा केला.

"आजची मिस्सा," ते म्हणाले, "इनास आणि मार्शेलिन यांनी अर्पण केली आहे. करीम नावाच्या एका वादकासाठी. तो जिवंत असेल तर देवाने त्याला सुखरूप घरी न्यावं. नसेल तर त्याच्या आत्म्याला शांती द्यावी. काय झालं ते अर्पण करणाऱ्यांना माहीत नाही."

देवळात कुजबुज उठली. करीम? माझ्या मागच्या बाकावरचा एकजण शेजाऱ्याला मोठ्याने विचारून बसला, "हा कोण? मुसलमान?"

सगळे खाली बसत होते. इनास सर बसले नाहीत. ते वळले आणि उभ्या देवळाकडे तोंड करून म्हणाले,

"ड्रमर होता. त्याला उचलला, आणि मी विचारलं नाही. आज विचारतोय."

फादरनी हाताने बसा अशी खूण केली. ते उभेच राहिले. मार्शेलिन आंटी त्यांच्या शेजारी उठून उभ्या राहिल्या. मिस्सा संपेपर्यंत दोघं तशीच उभी होती, बाकीचं देऊळ उठत होतं, बसत होतं, गुडघे टेकत होतं.